‘धूम्रपान’च्या पुढचा शब्द

अण्णा परवा दुपारी बोटीच्या धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहात, भिंतीवर, हातभर उंचीच्या अक्षरांत ‘धूम्रपान’ असं लिहून घरी जेवायला आले, ते परत गेलेच नाहीत. ‘निषिद्ध’ लिहायचं राहून गेलं.

व्हायचा तो परिणाम झाला. निळ्या भिंतीवर पांढरीशुभ्र अक्षरं, ठसठशीत आणि गोलाईदार. बोटीची वाट बघणाऱ्यांनी ती वाचली, एकमेकांकडे बघितलं आणि एवढी सोय केल्याबद्दल सरकारचे मनातल्या मनात आभार मानून सगळे त्या अक्षरांखाली बाकं ओढून बसले. पूर्वी दाराबाहेर वाऱ्यात उभे राहून ओढायचे, तेही आत आले. आता जागाच नेमून दिलेली आहे म्हटल्यावर बाहेर उभं राहणं नियमात बसत नव्हतं.

आज सकाळी प्रतीक्षागृहाचे साहेब अण्णांच्या पाट्यांच्या दुकानात शिरले, तेव्हा त्यांच्या कोटाला असा काही वास येत होता की अण्णांना क्षणभर ते घरातलेच कोणी वाटले.

“अण्णा, हे तुम्ही काय लिहून ठेवलंय?”

“तुम्ही सांगितलंत त्यातलं अर्धं.”

“अहो, उरलेलं अर्धंच महत्त्वाचं होतं ना!”

“तेच म्हणतोय. महत्त्वाच्या कामात घाई नको.” अण्णांनी सिगारेटची राख रंगाच्या रिकाम्या डब्यात झाडली.

साहेब खुर्चीत बसले. माणूस सरळ होता, म्हणून त्याला ओरडता येत नव्हतं. “काल माझ्या हॉलमध्ये पलीकडची भिंत दिसत नव्हती. वाऱ्यामुळे खिडक्या उघडता येत नाहीत, धूर जाणार कुठे? तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंचा आवाज गेलाय. खुणा करून तिकिटं देतायत. एकाला तर भलत्याच बंदराचं दिलं, आणि तो गेलाही! उद्या सकाळपासून बंदी लागू होतेय. आज संध्याकाळच्या बोटीच्या आत पुढचा शब्द झाला तर ठीक. नाहीतर मी...” साहेबांनी नजर टाळत रस्त्यापलीकडे हात केला. “समोरून फ्लेक्स छापून घेईन. तासाभरात मिळतो म्हणे.”

समोरचं दुकान अण्णांच्या धाकट्या मुलाचं होतं.

साहेब गेले आणि दुकानात शांतता पसरली. ती फार टिकणार नव्हती, कारण दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत अक्का विणत बसली होती. अण्णांची ही थोरली बहीण जन्मभर कोर्टात टायपिस्ट होती. निवृत्त होताना टाइपरायटर तिने कोर्टाला परत केला, कलमं तेवढी घरी आणली. थोरला मुलगा मागच्या मोरीत ब्रश धूत होता. घरात वादाचा वास आला की धुण्यासारखे ब्रश त्याला नेहमी सापडत. थोरली सून लाकडी घोडीवर टेकवलेल्या दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर शेवटचा हात फिरवत होती. अण्णांची गादी पुढे तीच चालवणार, हे अण्णा गावभर सांगत आणि घरात कधी सांगत नसत.

साहेबांचं बोलणं लांबूनच ऐकल्यासारखा धाकटा रस्ता ओलांडून आला.

“साहेब काय म्हणाले?”

“तुझं अभिनंदन करायला आले होते,” अण्णा म्हणाले. “छाप. आजोबांच्या ‘प्रतीक्षागृह’च्या शेजारी तुझं ते चकचकीत कापड टांग. चार खिळे, खाली दोन फोन नंबर.”

धाकट्याचा चेहरा उतरला. प्रतीक्षागृह म्हणजे या घराचा देव्हाराच म्हणायचा. दारावर ‘प्रतीक्षागृह’ ही अक्षरं अण्णांच्या वडिलांची. घड्याळाखालचं ‘प्रस्थान’ अण्णांचं, मिसरूड फुटल्यावर लगेच लिहिलेलं. ‘रांग मोडू नये’ थोरल्या सुनेचं. ते वाचून लोक रांग मोडत नसत, निदान आधी नीट वाचून मग मोडत. त्या भिंतींवर बाहेरचा एक काना कधी आला नव्हता.

“अण्णा, पण तुम्ही लिहीत का नाही? एकच तर शब्द आहे.”

“मी स्वतंत्र माणूस आहे. मला पटत नाही ते मी लिहीत नाही. कुणी कुठे काय ओढावं हे भिंतीने सांगायचं?”

“जन्मभर भिंतींनीच सांगितलंय की,” अक्का विणता विणता म्हणाली. “आणि ते तूच भिंतींना शिकवलंयस. हॉर्न वाजवू नये, थुंकू नये, फुलं तोडू नयेत, जाहिरात लावू नये. तेव्हा तुझं स्वातंत्र्य कुठे रंग वाळवत बसलं होतं?”

“अक्का, तू कोणाच्या बाजूने आहेस?”

“मी नियमाच्या बाजूने. परवाची पळवाट तुला मीच काढून दिली होती, विसरलास?”

पळवाटेची गोष्ट अशी होती. या घरात वडिलोपार्जित एक नियम चालत आलेला: पाटी जो लिहील, त्याने ती सगळ्यांआधी पाळायची. अण्णांच्या वडिलांनी सार्वजनिक बागेत ‘हिरवळीवर चालू नये’ लिहिलं आणि मरेपर्यंत ते बागेला बाहेरून वळसा घालून बाजारात गेले. दवाखान्यापुढची ‘शांतता राखा’ अण्णांची, म्हणून त्या कोपऱ्यावर ते सायकलवरून उतरतात आणि घंटी मुठीत धरून चालतात. थोरलीने एका बंगल्यावर ‘कुत्र्यापासून सावध’ लिहिलं होतं. कुत्रा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या फाटकावरून जाताना ती अजून सावध असते. पाटीच्या धंद्यात दुसरी अब्रू नाही. आपलं लिहिलेलं आपणच मोडायला लागलो तर मग ती नुसती रंगरंगोटी.

या नियमानुसार ‘धूम्रपान निषिद्ध’ लिहिताना तोंडात सिगारेट चालणार नव्हती. तेव्हा परवा सकाळी अक्काने निकाल दिला होता: “‘धूम्रपान’ हा नुसता विषय आहे. मनाई पुढच्या शब्दात आहे. पहिला शब्द होईपर्यंत ओढ.” अण्णांनी ओढली. झकास अक्षरं आली. आणि पहिला शब्द संपला.

“मग आता दुसरीही काढ,” अण्णा म्हणाले. “पळवाट.”

“नाही निघत. मी रात्रभर विचार केला. ‘नि’ लिहिलास की मनाई सुरू.”

“बघा!” धाकटा म्हणाला. “आपल्याच नियमात आपण अडकलोय. अण्णा, जग कुठे चाललंय आणि आपण...”

“जग कुठे चाललंय ते मला त्या खिडकीतून दिसतं. तुझ्या दुकानात चाललंय. वाढदिवसाच्या शुभेच्छा छापून घ्यायला.”

धाकटा आत्याच्या शेजारी जाऊन बसला. ते दोघं एका बाजूला झाले आहेत हे अण्णांनी टिपलं. आपल्या बाजूला कोण, हे बघायला त्यांनी मोरीकडे पाहिलं. नळ आणखी मोठा झाला.

खरं कारण अण्णांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

अक्षरं ते कशीही काढू शकत. पण शेवटी वरून जी शिरोरेघ ओढायची, ती त्यांच्या घराण्याची खासियत होती. फूटपट्टी नाही, दोरी नाही. भरला ब्रश टेकवायचा आणि शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका श्वासात न्यायचा. त्या रेघेला अक्षरं टांगली जातात, आणि ती हलली की शब्दच्या शब्द कलंडतो. अण्णांची रीत ठरलेली होती. सिगारेटचा एक लांब झुरका घ्यायचा, तो छातीत कोंडायचा, छाती दगडासारखी झाली की रेघ ओढायची, आणि रेघ संपली की धूर सोडायचा. तरुणपणापासून एकही शिरोरेघ त्यांनी झुरक्याशिवाय ओढलेली नव्हती. आणि अलीकडे, झुरका नसला की, उजवा हात मनगटापासून किंचित थरथरे. चहाच्या कपाला ते कळलं होतं. बशीलाही. घरात अजून कळलं नसावं असा त्यांचा समज होता.

स्वातंत्र्याबद्दल चारचौघांत बोलता येतं, हाताबद्दल कसं बोलणार?

“तू स्वतंत्र आहेस रे,” अक्का जरा मऊ आवाजात म्हणाली. “तक्रार तुझ्याबद्दल नाहीच. तुझा धूर जरा जास्तच स्वतंत्र आहे. कुणाच्याही छातीत न विचारता शिरतो.”

“या दुकानात इतकी वर्षं ओढतोय. कुणाची तक्रार आली? ही थोरली बसलीय की, विचार तिला. एक शब्द बोलली कधी?” अण्णांना बाजू घेणारं माणूस सापडलं आणि त्यांचा आवाज चढला. “उलट या धुरात बसून ती जे शिकली, ते मी माझ्या मुलांना शिकवू शकलो नाही. नजर! अक्षर काढलं की ही ब्रश ठेवते आणि ‘लांबून बघून येते’ म्हणून रस्त्यापलीकडे जाते. रोज. पावसात, उन्हात. माझा बाप दहा पावलं मागे जायचा, मी पाच जातो, ही पार पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभी राहते. एवढ्या लांबून स्वतःचं काम बघणारा रंगारी मी दुसरा पाहिला नाही!”

हे भाषण गावाने अनेकदा ऐकलेलं होतं. घरात पहिल्यांदाच झालं.

थोरलीने ब्रश बाजूला ठेवला. मोरीतला नळ बंद झाला.

“अण्णा,” ती म्हणाली, “मी श्वास घ्यायला जायचे.”

“काय?”

“पलीकडे. फुटपाथवर. धूर फार झाला की डोळ्यांतून पाणी यायचं, अक्षर दिसेना व्हायचं. तुम्हाला ‘ओढू नका’ कसं म्हणणार? दुकान तुमचं, शिकवणारे तुम्ही. म्हणून म्हणायचे, लांबून बघून येते.”

अण्णांनी हातातल्या सिगारेटकडे बघितलं. ती आपल्याच बाजूची आहे याचीही त्यांना आता खात्री वाटेना.

“म्हणजे तू बघत नव्हतीस?”

“बघायचे की! तिथे उभं राहून दुसरं करायचं काय? बघता बघता सवय लागली. नजर आली ती तिथेच आली.” ती किंचित हसली. “तुमच्या धुरामुळेच आली म्हणा हवं तर.”

“हे तू मला आज सांगतेस?”

“हात थरथरतो हे तरी तुम्ही आम्हाला कुठे सांगितलंत?”

अक्काची सुई थांबली. थोरला ओल्या हातांनी दारात येऊन उभा राहिला. धाकट्याने वडिलांच्या हाताकडे बघितलं आणि मग पटकन कॅलेंडरकडे.

“कुणाला माहितीय?” अण्णांनी विचारलं.

“सगळ्यांना,” थोरला म्हणाला. दिवसातलं त्याचं हे पहिलं वाक्य होतं. “म्हणून तर मी तुम्हाला चहा अर्धा कप देतो.”

धाकटा उठला.

“मी फ्लेक्स छापणार नाही,” तो म्हणाला. “साहेबांना सांगून येतो, मशीन बिघडलंय.”

“बिघडलंय?”

“नाही. पण त्या भिंतीवर माझं कापड लागलं तर आजोबांची अक्षरं मला रोज जाता येता बघतील. मी हसतो तुमच्या नियमाला, अण्णा, पण माझंही आडनाव तेच आहे.” आणि दारातून परत वळून तो म्हणाला, “ते फोन नंबरचं बोललात, ते मात्र लागलं हं.”

अण्णा उठले. सिगारेट त्यांनी डब्यात विझवली, नीट, पूर्ण, जणू तीही एक पाटीच होती. “वहिनीला सोबत घे, शिडी काढ,” ते थोरल्याला म्हणाले आणि लगेच लक्षात आलं की त्यांनी त्याच्याच बायकोला वहिनी म्हटलंय. पण दुरुस्त करायला ते थांबले नाहीत. अंगात आलं की त्यांच्या तोंडून नाती नेहमीच इकडची तिकडे होत.

*

प्रतीक्षागृहात ‘धूम्रपान’खाली चांगलीच मैफल जमलेली होती. शिडी, फळी, रंगाचे डबे आणि मागून अख्खं कुटुंब येताना बघून लोकांनी बाकं सरकवली. बोटीवरचा इंजिनवाला, अगडबंब माणूस, ओठात सिगारेट धरून म्हणाला, “या अण्णा! झक्कास लिहिलंय. पुढे काय, ‘विभाग’ का?”

“बघत राहा,” अण्णा म्हणाले आणि शिडी चढले. शिडी थोरल्याने धरली. खिडकीतल्या बाईंनी आवाज नसल्यामुळे नुसतेच हात जोडले.

‘नि’ उभा राहिला. खाली कुजबुज झाली. कडेच्या एकाने सिगारेट विझवली आणि आपण मघाशीच विझवली होती असा चेहरा केला. ‘षि’ आला, तेव्हा दोघातिघांनी पाय हलवून जमिनीवर काहीतरी चिरडलं. एक बाई मुलाला कडेवर घेऊन दारात थबकली होती, ती आत येऊन बसली. ‘द्ध’चं पोट अण्णा असं काही वळवत होते की विझवणारेही वर बघत राहिले.

इंजिनवाला मात्र ठाम होता. “अजून शब्द पुरा झालेला नाही. रेघ कुठाय?”

“कायद्याने मुद्दा बरोबर आहे,” अक्काने खालून निकाल दिला. कोर्ट सुटलं तरी तिची सवय सुटली नव्हती.

फळीवर उभ्या अण्णांच्या हातात भरला ब्रश होता. त्यांचा डावा हात आपोआप खिशाकडे गेला, तिथे पाकीट होतं. समोर, खालच्या बाजूला, इंजिनवाल्याच्या सिगारेटचा धूर वर येत होता. ते वाकले असते तर फुकटात झुरका मिळाला असता. अक्काने कदाचित त्यालाही पळवाट म्हटलं असतं. पण खिशातून हात रिकामाच बाहेर आला.

हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, थोरली जाऊन उभी राहिली होती. लांबून बघायला.

अण्णांनी तोंड मिटून, नाकाने, साधी हवा छातीत भरली. तिच्यात रंगाचा, मिठाचा, डिझेलचा आणि इतक्या लोकांच्या कोटांचा वास होता. इतक्या वर्षांत नुसती हवा अशी पोटभर घेतलीच नव्हती. छाती दगडासारखी झाली नाही. पण भरली. त्यांनी ब्रश टेकवला.

रेघ निघाली. ‘नि’वरून सरळ गेली. ‘षि’वर आली तिथे मनगट हललं. ते त्यांना बोटांत कळलं, रेघेत केसाएवढी लाट आली. थांबलं तर संपलं. ते थांबले नाहीत. खाली इंजिनवाला ओढायचं विसरला होता. त्याच्या सिगारेटवर राख वाढत चालली होती, लांब, वाकडी, आणि पडत नव्हती. सगळा हॉल श्वास रोखून होता. ‘द्ध’च्या पलीकडे ब्रश उचलला गेला आणि अण्णांनी श्वास सोडला. तोंडातून काहीच निघालं नाही. धूर नाही म्हटल्यावर त्यांना ते अपुरंच वाटलं.

इंजिनवाल्याची राख पडली. त्याने उरलेलं थोटूक डबीत चेपून डबी बंद केली. “झाला शब्द पुरा,” तो म्हणाला. कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी काही. साहेब कोटाची बटणं लावत खोलीतून बाहेर आले.

अण्णा शिडी उतरले. त्यांना भिंतीवर फक्त ती लाट दिसत होती. ‘षि’वरची, केसाएवढी.

“हलली,” ते थोरल्याला म्हणाले.

“कुठे?”

“तुला नाही दिसायची. तू ब्रश धुतोस.”

त्यांनी कोट चढवला. कुटुंब वाट बघत होतं; धाकटा साहेबांच्या मागोमाग त्यांच्या खोलीतून आला होता आणि मशीन बिघडल्याचं त्यांना अजूनही फारच तपशीलवार सांगत होता. अण्णांनी खिसा चाचपला, घसा साफ केला, आणि थोरलीसमोरून जाताना थांबले.

“मी जरा,” ते म्हणाले, “लांबून बघून येतो.”

थोरली बाजूला झाली आणि तिने त्यांच्यासाठी दार धरलं.

बाहेर वारा होता. काडी तिसऱ्या की चौथ्या खेपेला पेटली. अण्णा धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले, तिथे दोरखंड गुंडाळण्याच्या खुंटाला टेकले आणि लांब झुरका घेतला. वारा धूर उचलून थेट समुद्राकडे नेत होता. समुद्राची काही तक्रार नव्हती.

मग त्यांनी वळून बघितलं.

काचांमधून हॉल दिसत होता. आतली हवा निवळत चालली होती, पलीकडची भिंत स्वच्छ दिसायला लागली होती. दारावर वडिलांचं ‘प्रतीक्षागृह’, घड्याळाखाली त्यांचं स्वतःचं ‘प्रस्थान’, बाजूला थोरलीचं ‘रांग मोडू नये’, आणि निळ्यावर पांढरा, ओला, चमकणारा नवा मजकूर. त्यांनी ‘षि’ शोधला. लाट शोधली. डोळे बारीक करून पुन्हा शोधली. इथून ती नव्हतीच. रेघ सरळ होती. बापाने ओढावी तशी.

वीसेक वर्षं ही पोरगी उगाच पलीकडे जात नव्हती, त्यांना वाटलं.

या घरात कुणी कुणाला ‘छान’ म्हणत नसे. काम मनासारखं झालं की बघणाऱ्याने हवेत बोटाने एक शिरोरेघ ओढायची, एवढीच काय ती पद्धत. काचेपलीकडे थोरली नव्या पाटीखालच्या बाकावर, बरोबर मधोमध, जाऊन बसली. तिने खोल श्वास घेतलेला खांद्यांवरून इथवर कळला. तिने अण्णांकडे बघितलं, उजवा हात वर उचलला आणि हवेत एक रेघ ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका दमात.

अण्णांनी सिगारेट डाव्या हातात घेतली, उजवा मोकळा केला आणि तशीच एक रेघ ओढून तिला परत केली. हात थरथरला, पण तेवढ्या लांबून कुणाला दिसणार होतं?